थर्मोग्राफीचा रिपोर्ट 'नॉर्मल', आणि पाच महिन्यांत वाय फेजचा लग जळाला. चुकलं कुठे?

बेदाणा_स्टोअर · ३ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. तासगावजवळ बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर मेंटेनन्स बघतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन, चौदा वर्षं झाली. थर्मोग्राफीतलं, म्हणजे थर्मल कॅमेऱ्यानं पॅनलचं तापमान बघण्यातलं, मात्र काही कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

विम्याच्या रिन्युअलला थर्मोग्राफीचा रिपोर्ट मागितला म्हणून मालकांनी डिसेंबरात एक एजन्सी बोलावली. दोन पोरं आली. मी दारं उघडत गेलो, ते फोटो मारत गेले. पाऊण तासात सगळी पॅनलं उरकली, चहा झाला, गेले. आठ दिवसांनी बत्तीस पानी रंगीत रिपोर्ट. निळं, जांभळं, पिवळं, एखाद्या रांगोळीच्या पुस्तकासारखं. प्रत्येक पानाखाली शेरा 'नॉर्मल'. फाइलला लागला, विमा झाला.

१२ मेला संध्याकाळी सातच्या सुमाराला वॉचमन म्हणाला, "साहेब, प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतोय." पॅनल रूममध्ये पोचेपर्यंत दोन्ही कॉम्प्रेसर सिंगल फेजिंगवर (तीनपैकी एक फेज गेल्यानं) ट्रिप. मेन एमसीसीबीच्या (मुख्य ब्रेकरच्या) आउटगोइंगला वाय फेजचा लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) काळाठिक्कर, पिवळी स्लीव्ह कोळसा होऊन गळालेली, टर्मिनलचा कोपरा वितळलेला. जनरेटर होता, पण हा एमसीसीबी चेंजओव्हरच्या (लाइन-जनरेटर बदलायच्या स्विचच्या) पुढचा. म्हणजे जनरेटर असून नसल्यासारखा. मिरजेहून नवीन एमसीसीबी येऊन बसेपर्यंत पहाटेचे चार. चेंबर ४ अंशांवरून ६ वर गेलं. शेतकऱ्यांचे फोन, मालकांचे फोन, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: "अहो, तपासणी केली होती ना?"

मग मी तो रिपोर्ट परत काढला. पान ७, हाच एमसीसीबी. आर फेज ३६.८ अंश, वाय ४१.२, बी ३६.५. शेरा: नॉर्मल. ४१ अंश म्हणजे तर काहीच नाही, मे महिन्यात आमच्याकडे पॅनल रूमच तेवढी असते. मग पाच महिन्यांत असं काय झालं? कॅमेऱ्याला दिसलं नाही की हे सगळं निव्वळ कागद रंगवणं आहे?

दुसरं, मोबाइलला लावायचा छोटा थर्मल कॅमेरा मिळतो म्हणतात. तो घेतला आणि हाताखालच्या पोराला दर आठवड्याला दारं उघडून फोटो काढायला सांगितलं तर चालेल का?

---

पाना_नंबर_१७ · ३ जून, रात्री १०.१५

मी वायरिंग काँट्रॅक्टर. बावीस वर्षं पॅनलमध्ये हात घालतोय. कॅमेरा बिमेरा सगळा विमा कंपन्यांचा खेळ. वर्षातून एकदा शटडाऊन घ्या, वरपासून खालपर्यंत सगळे बोल्ट कसा, ब्लोअर मारा, विषय संपला. आमच्या उस्तादांनी आयुष्यभर हेच केलं.

---

लाल_ठिपका · ४ जून, सकाळी ७.०५

बेदाणा_स्टोअर, तुमच्या पान ७ वरचे तीन आकडे वाचून कपाळाला हात लावला. दोष कॅमेऱ्याला दिसला होता. शेरा लिहिणाऱ्याला दिसला नाही.

एकाच एमसीसीबीचे तीन फेज, तिघांवर साधारण सारखा लोड, एकच हवा. तिथे वाय बाकीच्या दोघांपेक्षा साडेचार अंश वर आहे. ४१ हा आकडा बिनमहत्त्वाचा, साडेचार हा आकडा महत्त्वाचा. अमेरिकेतल्या नेटा या संस्थेचा तक्ता जगभर वापरतात. त्यात सारख्या भागांमधला फरक १ ते ३ अंश असेल तर दोषाची शंका, ४ ते १५ असेल तर दोष बहुधा आहेच, आणि १५ च्या वर असेल तर लगेच दुरुस्ती. म्हणजे तुमचा फेज डिसेंबरातच दुसऱ्या पायरीवर होता.

आता खरी गोम. त्या दिवशी करंट किती होता? रिपोर्टमध्ये तो रकाना आहे का बघा. माझी पैज, रिकामा असेल. तुमच्या लॉगबुकात मात्र असणार. डिसेंबरात किती अँपिअर आणि १२ मेला किती, ते सांगा, मग पुढचं बोलू.

तोवर सतरा नंबरवाल्या दादांसाठी. बोल्ट कसणं वाईट नाही, आंधळेपणानं कसणं वाईट. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं. दरवर्षी अजून एक आटा दिला की ते अजून पसरतं, जोड काही दिवस घट्ट वाटतो आणि पुन्हा सैल. टॉर्क रेंच किती जण वापरतात? एमसीसीबीच्या कागदावर किती न्यूटन मीटर ते छापलेलं असतं, आणि तो कागद खोक्याबरोबर भंगारात जातो. शिवाय लगच्या पोटातलं क्रिंपिंग (वायर आत घालून दिलेला दाब) ढिलं असेल तर बाहेरचा बोल्ट कितीही कसा, उपयोग शून्य. कॉन्टॅक्टरच्या (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) आतले झिजलेले काँटॅक्ट पान्यानं कुठे कसणार?

---

बेदाणा_स्टोअर · ४ जून, दुपारी १.२०

सर, पैज जिंकलात. रकाना आहे, त्यात आडवी रेघ. लॉगबुक काढलं. त्या दिवशी सकाळी ११ ला ७८ अँपिअर, कारण दिवाळीच्या आत बराचसा माल उठला होता, थंडी होती, एकच कॉम्प्रेसर आणि तोही अर्धा अनलोड. १२ मेला संध्याकाळी ६ ची नोंद २४० अँपिअर. नवीन बेदाणा भरलेला, दोन्ही कॉम्प्रेसर फुल, सगळे फॅन, कंडेन्सरचे पंप.

जळालेला लग मी ठेवून दिलाय. ॲल्युमिनियमचा, एमसीसीबीच्या तांब्याच्या टर्मिनलवर सरळ बसवलेला. आणि क्रिंपिंगच्या जागी षटकोनी दाब नाही, छिन्नीचे तीन घाव आहेत. कुणी केलं देवाला माहीत, मी येण्याआधीचं काम.

---

लाल_ठिपका · ४ जून, रात्री ८.५०

सर नाही, ताई. असो, सवय आहे. पॅनल रूममध्ये शिरले की पहिले कॅमेऱ्याकडे बघतात आणि मग "इंजिनिअर कधी येणार?" असं मलाच विचारतात.

तुमच्या आकड्यांनी सगळी गोष्ट सांगितली. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. ७८ चे २४० झाले, म्हणजे करंट तिपटीच्या थोडा वर, उष्णता साडेनऊपट. साडेचार अंशांचा फरक कागदावर चाळिशीच्या पुढे जातो. प्रत्यक्षात तेवढा जात नाही, कारण भाग जितका तापतो तितकी उष्णता हवेत जास्त फेकतो. तरी पंचवीस-तीस धरा. त्यात मे महिन्याची पॅनल रूम मिळवा, फुल लोडवरच्या चांगल्या जोडाचं स्वतःचं तापणं मिळवा. तो लग नव्वदीच्या आसपास शिजत होता. एकदा तिथे पोचला की जोड स्वतःलाच खातो: तापला की ऑक्साइड वाढतो, ऑक्साइड वाढला की रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापतो. शेवटचा टप्पा फार झटकन होतो. १२ मेच्या सकाळी सुद्धा बाहेरून कदाचित काही दिसलं नसतं.

ॲल्युमिनियम आणि तांबं सरळ एकमेकांवर, हे तर जळण्याचं निमंत्रणच. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं. रोज कॉम्प्रेसर चालू-बंद, रोज फुगणं-आक्रसणं, बोल्टची पकड सुटत जाते. शिवाय ओल लागली की दोन धातूंच्या सांध्यात गंज. तिथे बायमेटॅलिक लग हवा. दिसायला साधा असतो, दांडा ॲल्युमिनियमचा आणि चपटी पट्टी तांब्याची. आणि छिन्नीचं क्रिंपिंग केलेल्या माणसाला, जाऊ दे, इथे लिहिता येत नाही.

आता रिपोर्टमधली अजून एक खोड तपासा. फोटोखाली 'एमिसिव्हिटी' (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती फेकतो तो आकडा) किती लिहिलीय? बहुतेक सगळ्या पानांवर ०.९५ असेल. हा आकडा स्लीव्ह, टेप, रंगवलेला पत्रा यांना बरोबर आहे. चकचकीत तांबं किंवा ॲल्युमिनियम यांना साफ चूक. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी दाखवतो आणि समोरच्याचं प्रतिबिंब जास्त. बसबारवर (वीज वाहणाऱ्या जाड पट्टीवर) एक गोल तांबूस ठिपका दिसला म्हणून मी एकदा धसकले होते. मान हलवली तर ठिपकाही हलला. माझंच डोकं. म्हणून जोडाचं माप घ्यायचं ते लगतच्या स्लीव्हवर, इन्सुलेशनवर. उघड्या बसबारवर मापायचंच असेल तर शटडाऊनमध्ये काळ्या पीव्हीसी टेपचा तुकडा चिकटवून ठेवायचा आणि नंतर त्या तुकड्यावर माप घ्यायचं.

आणि मोबाइलचा कॅमेरा. कॅमेरा घ्या, वाईट नाही. पण पोराला चालू पॅनलचं दार दर आठवड्याला उघडायला लावू नका. या धंद्यातला सगळ्यात धोक्याचा क्षण दार उघडायचा असतो. निसटलेला वॉशर, पत्र्याचं कव्हर सटकून बसबारवर, आत शिरलेली पाल किंवा उंदीर, आणि आर्क झाला की त्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त. तो लोळ दारातूनच बाहेर येतो आणि दारात उभा असतो तुमचा पोरगा, टेरिलिनचा शर्ट घालून. टेरिलिन नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं.

माझ्या सोबत काय असतं ते सांगते, त्यावरून तुमच्याकडे येणाऱ्यांना जोखा. आर्क रेटेड कोट आणि तोंडावर पूर्ण शील्ड, रबरी हातमोजे, पायाखाली मॅट. अंगठी, कडं, गळ्यातलं सगळं गाडीत. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला, गळ्यात नाही. कव्हर मी उघडत नाही, तिथला परवानाधारक माणूस उघडतो, उघडताना मी बाजूला उभी असते आणि तिसरा माणूस मेन ब्रेकर कुठे आहे हे माहीत असलेला. इंटरलॉक (पॅनल चालू असताना दार अडवणारी कडी) पेचकसानं फसवून दार उघडायचं म्हणाले तर मी बॅग भरते. दोनदा भरलीय.

---

३३केव्ही_काका · ५ जून, सकाळी ६.३०

ताईंनी चांगलं समजावलं. आम्ही सबस्टेशनला ऑपरेटर होतो तेव्हा असले कॅमेरे नव्हते. सांजवेळी पीक लोड चढला की यार्डातले दिवे पाच मिनिटं बंद करून राऊंड मारायचो. जी जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) लूज ती अंधारात लालबुंद दिसायची. विडी पेटल्यासारखी. मृगाचा पहिला पाऊस पडला की आयसोलेटरच्या (लाइन तोडायच्या स्विचच्या) ज्या काँटॅक्टवरून वाफ उठे त्याचा नंबर रजिस्टरला लिहायचा. पण लाल दिसायला लागलं म्हणजे पाचशे अंशांच्या वर गेलं, तोवर माल गेलेलाच. तुमचा कॅमेरा तेच काम चाळीस अंशांना करतो, एवढाच फरक, आणि तो फार मोठा फरक आहे.

एक सांगतो. तुमच्या आवारात ट्रान्सफॉर्मर, डीपी असेल तर त्याचे फोटो भर दुपारी घेऊ देऊ नका. उन्हानं सगळंच तापलेलं असतं. आणि वारा सुटला असेल तर तापलेला जोड गार दिसतो. सूर्य बुडाल्यावर तासाभरानं, वारा पडलेला असताना. तेव्हा लोडही असतो.

---

सोसायटी_सेक्रेटरी · ५ जून, सकाळी ९.१०

मध्येच घुसतो, माफ करा. पुण्यात ८४ फ्लॅटची सोसायटी. आमच्या मीटर रूमची थर्मोग्राफी मागच्या महिन्यात झाली, मंगळवारी सकाळी साडेअकराला. वरचं वाचून आता पोटात गोळा आलाय. त्या वेळी निम्मी सोसायटी ऑफिसात असते. सहा जणांनी गाडी चार्जिंगचे पॉइंट घेतलेत, ते सगळे रात्री लागतात.

---

लाल_ठिपका · ५ जून, दुपारी २.००

सेक्रेटरी, पोटात गोळा बरोबरच आलाय. परत बोलवा, रात्री साडेनऊ-दहाला, एसी आणि चार्जर दोन्ही चालू असताना. गाडीचा चार्जर गीझरसारखा वीस मिनिटांत बंद होत नाही, तासन् तास तेवढाच करंट ओढतो, त्यामुळे कच्चा जोड तिथे हमखास उघडा पडतो. न्यूट्रलच्या पट्टीचा फोटो वेगळा घ्यायला सांगा. एलईडी, संगणक वगैरेंमुळे तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिपटीचा करंट) न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न होता साचतो, आणि न्यूट्रलकडे कुणीच बघत नाही. मीटरच्या सीलला मात्र कुणी हात लावायचा नाही. तिथे काही गरम दिसलं तर महावितरणला लेखी कळवा.

बेदाणा_स्टोअर, पुढच्या वेळी एजन्सीला फोनवरच चार गोष्टी विचारा आणि उत्तरावरून ठरवा. तुम्ही लोड किती असताना याल? रेटिंगच्या निदान ४० टक्के नसेल तर परत जायची तयारी आहे का? तुमचे त्या दिवशीचे ७८ अँपिअर ४०० च्या एमसीसीबीवर, म्हणजे २० टक्के सुद्धा नाहीत. प्रत्येक फोटोबरोबर तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरनं (वायरभोवती अडकवून करंट मोजायच्या चिमट्यानं) घेऊन लिहाल का? ॲक्रिलिकची शीट असेल तर काय कराल? "शीटमधून घेतो" म्हणाले की फोन ठेवा. काच आणि ॲक्रिलिक यांतून इन्फ्रारेड जात नाही, तुम्हाला शीटचंच तापमान मिळेल. आदल्या दिवशी छोटा शटडाऊन घेऊन शीट काढायची, पॅनलचं दार बंद, लोड चढवून तासभर तरी चालू द्यायचा, मग दार उघडायचं. किंवा कायमची इन्फ्रारेड खिडकी बसवून घ्या, म्हणजे दार उघडायचा प्रश्नच मिटतो. आणि चौथं, दुरुस्तीनंतर परत फोटो घ्यायला याल का?

गार भागांकडेही लक्ष ठेवा हं. एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) पॅनलमध्ये तीन कपॅसिटर कोमट आणि एक गार असेल तर तो गार मेलेला आहे. तीन फ्यूजमधला एकच गार असेल तर तो उडालाय.

---

पाना_नंबर_१७ · ५ जून, रात्री ११.३०

ताई, तुम्ही म्हणता त्यात दम आहे. पण ती पंधरा रुपड्यांची लेझर बंदूक असते ना, तिनं भागत नाही का? माझ्याकडे आहे.

---

लाल_ठिपका · ६ जून, सकाळी ७.१५

पंधरा रुपड्यांत मिळाली असेल तर पत्ता द्या, चार घेते. दादा, तुमच्या बंदुकीवर १२:१ असं लिहिलेलं असेल. म्हणजे बारा फुटांवरून ती एक फूट व्यासाच्या गोलाची सरासरी सांगते. लेझरचा ठिपका फक्त नेम धरायला. दोन फुटांवरून एक लग मापायला गेलात तर गोल दोन इंचांचा, त्यात लगही आला, मागचा गार पत्राही आला, आणि आकडा आला सुरक्षित. जवळ जावं तर चालू बसबार. बेअरिंगवर, मोटारच्या बॉडीवर वापरा, उत्तम चालते.

---

बेदाणा_स्टोअर · २१ जून, रात्री १०.०५

मंडळी, काल झालं. मालकांना हा सगळा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग संध्याकाळीच बोलव की." दुसरी एजन्सी, सांगलीची. चार प्रश्न विचारले, तिसऱ्याला समोरचा माणूस हसला आणि म्हणाला, "कुणी शिकवलं?" तिथेच ठरवलं.

संध्याकाळी साडेपाचला दोन्ही कॉम्प्रेसर फुल करून ठेवले, सातला पहिलं दार उघडलं. टाँग टेस्टर माझ्या हातात, कॅमेरा त्यांच्या. मेनवर २३१, २३४, २२८. नव्या एमसीसीबीला बायमेटॅलिक लग आहेत, तिन्ही फेज एका अंशाच्या आत. बघून बरं वाटलं.

पण चेंबर ३ च्या फॅनच्या फीडरला बी फेजच्या फ्यूज बेसचा वरचा क्लिप ७१.४, शेजारचे दोघे ५२ आणि ५२.६. करंट तिघांत सारखाच. वायर क्लिपपासून लांब जाते तसा रंग फिका होत जातो, म्हणजे दोष क्लिपमध्येच, ओव्हरलोड नाही, हे त्यानेच स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. रात्री अकराला शटडाऊन घेऊन बेस बदलला. जुन्याच्या क्लिपचं स्प्रिंग बोटानं दाबलं तर परत उठतच नव्हतं. एक वाजता परत फोटो, बी फेज ५१.८.

पोराला मोबाइलचा कॅमेरा घेऊन दिलाय, पण तो फक्त बंद दारांवरून, मोटारी आणि कॉम्प्रेसरची बेअरिंगं यांच्यावर फिरवायचा. त्याने काल पहिला फोटो काढला तो चहाच्या किटलीचा.

काका, डीपीचा फोटो राहिला. पावसाची झड लागलीय, दोन दिवस वारा थांबेना. थांबला की घेतो आणि इथे टाकतो.